जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्याची लोखंडी चव घरच्या घरी कशी घालवायची

कोकणात किंवा गोव्यात जांभ्यात खोदलेल्या विहिरीचं पाणी उपसताना काचेसारखं नितळ दिसतं. तेच कळशीत रात्रभर राहिलं की तळाशी तांबूस गाळ बसतो, भाताला पिवळट झाक येते, चहा काळपट होतो आणि घोट घेतला की जिभेवर खिळा चोखल्यासारखी चव रेंगाळते. गावी नवीन घर बांधलेली, वर्षानुवर्षं बंद असलेलं घर उघडलेली किंवा शहरातल्या नळावरून पहिल्यांदाच विहिरीवर आलेली मंडळी अशा वेळी थेट फिल्टर विकत आणतात. महिन्या-दोन महिन्यांत तो लाल होऊन बंद पडतो.

चवीची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. धातू जमिनीतून येतोय, पाइपातून येतोय की विहिरीतल्या बुळबुळीत साक्यातून, हे आधी ठरवा. दुसरी गोष्ट, जांभ्यातलं पाणी बहुतेक वेळा आम्लधर्मी असतं. मुसळधार पावसाने इथल्या जमिनीतला चुना केव्हाच धुऊन नेलाय, त्यामुळे आम्ल मारायला खडकात काही उरलेलं नसतं. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ताळ्यावर आणल्याशिवाय लोह नीट निघत नाही. खालच्या पायऱ्या म्हणूनच या क्रमाने दिल्या आहेत. मधली गाळून पुढे जाऊ नका.

१. तीन पेल्यांची परीक्षा

काचेचे एकसारखे तीन पेले घ्या. स्टीलचे नकोत, रंग कळत नाही.

पहिला पेला थेट विहिरीतून भरा. त्यासाठी प्लास्टिकची बादली आणि नायलॉनची दोरी वापरा. गंजकी बादली किंवा साखळी वापरलीत तर परीक्षाच फुकट जाते. दुसरा पेला सकाळी उठल्यावर स्वयंपाकघरातल्या नळाला येणाऱ्या पहिल्या पाण्याचा. तिसरा त्याच नळाचा, पण पाणी पाच मिनिटं वाहून गेल्यावरचा. तिन्हींवर चिठ्ठ्या लावा, चव बघा आणि मग चोवीस तास खिडकीत ठेवून द्या. विहीर बरीच वर्षं बंद असेल तर चव बघायची ती पाणी उकळून गार केल्यावरच, किंवा नुसत्या रंगावरून ठरवा.

विहिरीचा पेला भरताना नितळ होता आणि काही तासांनी पिवळट, मग तांबूस झाला, तर पाण्यात विरघळलेलं लोह आहे. हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तो खाली बसतो. पेला भरतानाच लाल असेल तर तो गंज किंवा जांभ्याची माती आहे. माती गाळून आणि निवळून जाते, तिला पुढचा सगळा खटाटोप लागत नाही.

विहिरीचं पाणी चांगलं, नळाचं पहिलं पाणी वाईट आणि पाच मिनिटांनंतरचं बरं असेल, तर दोष घरातल्या पाइपाचा. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं आम्लधर्मी पाणी जीआय पाइपाचं, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाचं, जस्त आणि लोखंड खातं, पितळी नळाचं तांबं खातं. जस्ताची चव तुरट असते, तोंड आवळल्यासारखी. बेसिनवर निळसर-हिरवा डाग दिसला तर तांबं समजा. नळाचे दोन्ही पेले सारखेच वाईट आणि विहिरीचा चांगला असेल, तर पंप, फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या ओढत्या पाइपाच्या तळाची झडप), चढता पाइप किंवा वरची टाकी तपासा.

जोडीला चहाची परीक्षा करा. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा दोन कपांत गाळा. एक विहिरीच्या पाण्याचा, दुसरा बाटलीबंद पाण्याचा, पूड आणि उकळ सारखीच. लोह असेल तर चहातल्या टॅनिनशी त्याचा संयोग होतो आणि विहिरीच्या पाण्याचा कप शाईसारखा निळसर-काळा दिसतो. नुसत्या जड पाण्याचा चहा गडद तपकिरी होतो, त्यात ही शाईची झाक नसते. हिरड्याची चिमूटभर पूड पाण्यात टाकली तरी असाच काळा रंग येतो.

आता विहिरीत डोकवा. पाण्यावर इंद्रधनुषी तेलकट तवंग असेल तर काठीने टोचून बघा. काचेसारखा तुकड्या-तुकड्यांत फुटला आणि तुकडे वेगवेगळेच राहिले, तर तो लोहजिवाणूंचा तवंग. काठी काढल्यावर पुन्हा एकसंध झाला, तर ते खरंच तेल आहे. पंपाचं असेल, डिझेलचं असेल. त्याचा उगम सापडेपर्यंत ते पाणी पिऊ नका. लोहजिवाणूंची दुसरी खूण म्हणजे फूट व्हॉल्व्हच्या जाळीवर आणि टाकीच्या तळाशी बसणारा नारिंगी, जेलीसारखा बुळबुळीत थर.

बाटलीबंद पाणीही धातूसारखं लागत असेल तर प्रश्न पाण्याचा नाही. लोहाच्या गोळ्या, काही औषधं, गरोदरपण यांमुळे तशी चव येते. डॉक्टरांना विचारा.

२. नमुना तपासून घ्या

महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांमध्ये पाणी तपासून मिळतं. ग्रामपंचायतीकडे क्षेत्रीय तपासणी संच असतो, तो वापरायला गावातल्या महिलांना प्रशिक्षण दिलेलं असतं. लोह आणि सामूचा अंदाज त्यावरही येतो. आधी जलसुरक्षकाला, म्हणजे गावाचं पाणी बघणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाला, विचारा.

एवढ्या गोष्टी मागा: सामू, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), अल्कता (आम्ल मारण्याची पाण्याची ताकद), एकूण कठीणपणा, लोह, मँगनीज, नायट्रेट आणि कोलिफॉर्म जिवाणू. घरात जुने पितळी जोड किंवा जीआय पाइप असतील तर तांबं, जस्त आणि शिसंही. अर्जासोबत विहिरीचा पत्ता, विहिरीची खोली, पाण्याची पातळी आणि नमुना घेतल्याची तारीख व वेळ लिहून न्या.

फसगत होते ती नमुना घेताना. साध्या बाटलीत दोन दिवस ठेवलेल्या पाण्यातलं लोह गंज होऊन बाटलीच्या भिंतीला चिकटतं, वरचं पाणी तपासलं जातं आणि अहवालात लोह कमी दिसतं. घरी चहा काळा आणि कागदावर सगळं उत्तम, असं होतं ते यामुळे. लोहासाठी प्रयोगशाळेकडून आम्ल घातलेली वेगळी बाटली मागून घ्या. ती विसळायची नाही, सरळ भरायची. ती मिळत नसेल तर साधी बाटली काठोकाठ भरून त्याच दिवशी पोचवा. जिवाणूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटलीही तिथूनच घ्या आणि बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत द्या. सामू मात्र विहिरीवरच पट्टीने मोजा. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वाटेत उडून जातो आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सामू वर सरकलेला असतो.

३. आकडे कसे वाचायचे

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० असं आहे: सामू ६.५ ते ८.५. लोह लिटरला १ मिलीग्रॅमपर्यंत. मँगनीज ०.१, दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत. तांबं ०.०५, नाइलाजाने १.५ पर्यंत. जस्त ५, नाइलाजाने १५ पर्यंत. शिसं ०.०१, त्यात सवलत नाही.

लोहाची चव आणि कपड्यांवरचे डाग ०.३ च्या वर जाणवू लागतात. म्हणजे मानकात बसणारं पाणीसुद्धा जिभेला लागू शकतं. या प्रमाणातलं लोह बहुतेकांना अपाय करत नाही. थॅलेसेमियासारखा आजार घरात असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. शिसं मर्यादेबाहेर असेल तर मात्र चवीचा विचार बाजूला ठेवा, ते पाणी पिणं आणि त्यात स्वयंपाक करणं लगेच थांबवा, आणि आधी पाइप व जोड बदला. शिसं उकळून जात नाही.

लोह ५ मिलीग्रॅमच्या आत असेल तर खाली दिलेली घरची व्यवस्था पुरते. मँगनीज ०.३ च्या वर असेल, म्हणजे डाग तांबडे नसून काळे असतील, तर नुसत्या हवेने ते निघत नाही. त्याला मँगनीज डायऑक्साइडचं माध्यम भरलेला दाबाचा फिल्टर लागतो.

४. आधी विहीर साफ करा

पडलेली पानं विहिरीच्या तळाशी कुजतात आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. प्राणवायू संपला की गाळात घट्ट बसलेलं लोह पुन्हा विरघळून पाण्यात येतं. आंबा-फणसाच्या सावलीतल्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये, पातळी खाली गेल्यावर, जास्त लोखंडी लागतं त्याचं हे एक मोठं कारण. गाळ काढल्यावर कित्येक विहिरींची चव निम्म्याने उतरते.

गाळ मेमध्ये काढा. विहिरीत माणूस उतरणार असेल तर हे पाळाच: डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवून चालवायचा नाही, त्याचा धूर तळाशी साठतो आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. विजेच्या पंपाचा मेन स्विच बंद. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोन माणसं. खाली कोणी बेशुद्ध पडलं तर मागोमाग दुसऱ्याने उडी घ्यायची नाही, दोराने वर ओढायचं. खोल, अरुंद आणि बरीच वर्षं बंद असलेल्या विहिरीत सराव असलेल्या माणसांनाच उतरवा.

गाळ निघाला की भिंतीवरचा नारिंगी साका ब्रशने घासून तेही पाणी उपसून टाका. लोहजिवाणूंची खूण दिसली असेल तर विहीर भरल्यावर टीसीएल पावडरचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, जोरदार हप्ता द्या. पाण्याचं माप असं काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५. उत्तर लिटरमध्ये येतं. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत १ मीटर पाणी असेल तर साधारण ७,००० लिटर. ३० टक्के क्लोरीनची ताजी पावडर १,००० लिटरला १७० ग्रॅम, म्हणजे इथे जवळपास १ किलो २०० ग्रॅम. पावडर प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवा, दहा मिनिटं ठेवा, वरची निवळी विहिरीत सोडा आणि तळाचा चोथा टाकून द्या. मग पंप चालवून प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी खेळवा आणि चोवीस तास तसंच राहू द्या. नंतर सगळं उपसा. ते पाणी पोफळीच्या किंवा भाजीच्या मुळाशी सोडू नका, ओढ्यातही नको, मोकळ्या जागी पसरू द्या. वास पूर्ण जाईपर्यंत पिऊ नका. विहिरीत मासे किंवा कासव असेल तर आधीच दुसरीकडे हलवा. टीसीएल आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू सुटतो.

टीसीएल टाकल्या टाकल्या नितळ विहीर लाल झाली तर घाबरू नका. क्लोरीनने विरघळलेल्या लोहाचा गंज झाला, एवढंच. १ मिलीग्रॅम लोह जवळपास ०.६ मिलीग्रॅम क्लोरीन खातं. ३ मिलीग्रॅम लोहाच्या विहिरीत नेहमीचा टीसीएलचा डोस लोहच संपवतं, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून दाखवणारी चाचणी) कोरी येते आणि जंतू मात्र तसेच राहतात.

शेवटी कठड्यावर बारीक शेडनेट ताणून बांधा. पानं आत जाता कामा नयेत, हवा जायला हवी.

५. पाइप आणि जोड

नळाचा पहिला पेला वाईट निघाला असेल तर कुठलाही फिल्टर लावण्याआधी जीआय पाइप काढा. उन्हातला आणि विहिरीतला चढता पाइप एचडीपीई, घरातला सीपीव्हीसी, दोन्ही प्लास्टिकचेच. फूट व्हॉल्व्ह, ज्याला गावात सर्रास फुटबॉल म्हणतात, प्लास्टिकचा घ्या. पितळी कॉक पिण्याच्या नळाला तरी नको. सोल्युशनने चिकटवलेले जोड चोवीस तास वाळू द्या, नंतर अर्धा तास पाणी वाहून जाऊ द्या, नाहीतर लोखंडाची चव जाऊन सोल्युशनची येईल.

तांब्याच्या हंड्यात रात्रभर पाणी ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. सामू ६.५ च्या खाली असेल तर ती थांबवा. आम्लधर्मी पाणी हंड्याचं तांबं उतरवतं. कल्हई गेलेल्या पितळी कळशीचंही तेच.

६. हवा आणि सामू

खरं काम इथे आहे. विरघळलेलं लोह कुठल्याही वाळूतून, कापडातून, कोळशातून सरळ पार होतं. त्याचा गंज झाला तरच ते अडतं. गंजासाठी प्राणवायू फारच थोडा लागतो, १ मिलीग्रॅम लोहाला ०.१४ मिलीग्रॅम. अडतं ते सामूवर. पाण्यात हवा भरपूर खेळलेली असेल आणि सामू ८ असेल तर लोहाचे दहातले नऊ हिस्से अर्ध्या मिनिटात गंज होतात. सामू ७ ला साधारण एक तास लागतो. सामू ६ ला शंभर तास. शेजाऱ्याकडे चाललेला फिल्टर तुमच्याकडे चालत नाही, तेव्हा आधी दोन्ही घरांचा सामू विचारा.

लागणारं सामान: भाजीचे जाळीदार प्लास्टिक क्रेट तीन, ५०० लिटरची टाकी एक, आंघोळीच्या शॉवरची मोठी चकती किंवा भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, चुनखडीची किंवा पांढऱ्या संगमरवराची २० मिलिमीटरची खडी ४५ किलो, सामूच्या पट्ट्या, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि विझवलेल्या चुन्याची शुद्ध पावडर.

खडी घेताना दोन-चार खडे लिंबाच्या रसात टाकून बघा. बारीक बुडबुडे सुटले तर ती चुनखडी. काहीच झालं नाही तर गारगोटी आहे. दिसायला तशीच पांढरी, पण पाण्यावर तिचा काडीचाही परिणाम होत नाही.

प्रत्येक क्रेटमध्ये १५ किलो धुतलेली खडी भरा. तिन्ही क्रेट एकमेकांवर, मध्ये वीतभर अंतर ठेवून, टाकीच्या तोंडावर लोखंडी नव्हे तर लाकडी किंवा पीव्हीसीच्या घोडीवर ठेवा. पंपाचं पाणी वरून शॉवरने पडेल, खडीवरून ठिबकत टाकीत जाईल. पंपाचा कॉक एवढाच उघडा की पाणी थेंबाथेंबांनी तुटून पडेल. सलग धार पडली तर हवा लागत नाही. या ठिबकण्यात कार्बन डायऑक्साइड उडतो, त्याने सामू थोडा वर येतो, आणि थोडा खडीने येतो.

टाकी भरल्यावर पट्टी बुडवा. ७ च्या वर असेल तर पुढे चला. कमी असेल तर चुना. ५०० लिटरला ५ ग्रॅम पावडर मगभर पाण्यात कालवून टाकीत ओता, स्वच्छ काठीने ढवळा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. ७.५ येईपर्यंत एकेका वेळी ३ ग्रॅम वाढवा. एकदा आकडा सापडला की तो लिहून टाकीवर चिकटवा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तो पुन्हा ठरवावा लागतो. ८.५ च्या वर जाऊ देऊ नका. कळीचा चुना वापरू नका, पाण्यात टाकल्यावर तो उकळतो आणि भाजतं. विझवलेला चुनाही डोळ्यांत गेला तर घातक आहे, चष्मा लावा.

तुरटीचा मोह इथे अनेकांना होतो. तुरटीने गढूळपणा बसतो, पण विरघळलेलं लोह नाही, आणि ती सामू आणखी खाली ओढते. अल्कता कमी असलेल्या जांभ्याच्या पाण्यात तर ती स्वतःही नीट काम करत नाही.

टाकीतलं पाणी रात्रभर निवळू द्या. टाकीचा बाहेर जाणारा नळ तळापासून १५ सेंटिमीटर वर बसवा, गाळ सोडायचा वेगळा नळ अगदी तळाला.

७. वाळूचा फिल्टर

२०० लिटरचं निळं प्लास्टिक पिंप घ्या. जुनं घेत असाल तर ते खाण्याच्या वस्तूंचंच होतं याची खात्री करा. ॲसिडचं किंवा कीटकनाशकाचं पिंप दहा वेळा धुतलं तरी पाण्यासाठी वापरू नका.

तळाशी एक इंची पीव्हीसी पाइपाचा इंग्रजी एच आकाराचा सांगाडा ठेवा. त्याला खालच्या बाजूने ३ मिलिमीटरची भोकं दर ५ सेंटिमीटरवर पाडा आणि एक टोक टँक निप्पलने पिंपाबाहेर काढा. त्यावर १० सेंटिमीटर १२ ते २० मिलिमीटरची खडी, मग ८ सेंटिमीटर ६ मिलिमीटरची बारीक खडी, मग ४५ सेंटिमीटर वाळू. ही खडी चुनखडीची नको, साधी काळी चालते. वर वीतभर जागा पाण्यासाठी. वाळू साधारण १७५ किलो लागेल.

वाळू नदीची हवी, १ मिलिमीटरच्या चाळणीतून पडलेली. खाडीच्या वाळूत मीठ आणि शिंपल्या असतात. क्रश सँडची भुकटी पिंपात गारा होऊन बसते. वाळू बादलीत ढवळून गढूळ पाणी ओतून द्या, असं सहा-आठ वेळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

भरलेलं पिंप साडेतीनशे किलोच्या घरात जातं. ते स्लॅबवर किंवा लाकडी माळ्यावर चढवू नका, जमिनीवर चिऱ्यांचा सपाट ओटा करून त्यावर ठेवा. निवळण्याची टाकी त्याहून उंच हवी.

बाहेर पडणारा पाइप सरळ खाली न नेता पिंपाच्या बाजूने वर चढवा, वाळूच्या पातळीच्या ५ सेंटिमीटर वर नेऊन मग खाली वळवा. वळणाच्या माथ्यावर एक बारीक भोक ठेवा म्हणजे पाणी ओढलं जाणार नाही. एवढं केलं की टाकी रिकामी झाली तरी वाळू पाण्याखालीच राहते. वाळू कोरडी पडली की तिच्यात हवा अडकते, भेगा पडतात आणि पुढच्या वेळी लाल पाणी त्या भेगांतून सरळ खाली येतं.

वाळूवर एक सपाट ताटली ठेवा, पाण्याची धार तिच्यावर पडू द्या. वेग मिनिटाला ४ ते ५ लिटर. बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. १५ लिटरची बादली तीन मिनिटांच्या आत भरली तर कॉक कमी करा.

८. पहिले पंधरा दिवस आणि नंतरची निगा

पहिला आठवडाभर पाणी पूर्ण सुधारत नाही. इथे बरेच जण कंटाळून सोडून देतात किंवा वाळू बदलतात. थांबा. वाळूच्या कणांवर हळूहळू गंजाचा नारिंगी लेप चढतो आणि तो लेपच पुढचं लोह धरून ठेवतो. दोन आठवड्यांनी चहाची परीक्षा पुन्हा करा, फरक डोळ्यांना दिसेल.

याच कारणाने वाळू कधीही पांढरी शुभ्र होईपर्यंत धुवायची नाही. बादली भरायला दुप्पट वेळ लागू लागला की वरची ५ ते ७ सेंटिमीटर वाळू हाताने पाण्यातच ढवळा आणि वरचं लाल पाणी मगाने काढून टाका. असं तीन-चार वेळा. खालच्या वाळूला हात लावू नका. दिवसाला ५०० लिटर वापर आणि ३ मिलीग्रॅम लोह असेल तर महिन्याला सुमारे ४५ ग्रॅम लोह जमतं, ओला गाळ त्याच्या कितीतरी पट दिसतो. त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा ढवळणं आणि आठवड्यातून एकदा निवळणीच्या टाकीचा गाळ सोडणं धरूनच चाला. क्रेटमधल्या खडीवरही गंज चढून ती झाकली जाते, मग चुना सुटत नाही. महिन्यातून एकदा खडी उपसून एकमेकींवर घासून धुवा. झिजेल तशी भर घाला.

या फिल्टरने जंतू मरत नाहीत. कोलिफॉर्म आले असतील तर गाळलेलं पाणी उकळा किंवा त्यात क्लोरीन घाला. क्रम हाच, आधी लोह काढायचं, नंतर क्लोरीन. १,००० लिटरला २.५ ग्रॅम ताजी टीसीएल पावडर, अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग दिसला पाहिजे.

९. विकत घेण्याआधी

दारावर येणारा विक्रेता दोन कांड्यांचं विजेचं यंत्र पेल्यात बुडवतो आणि तुमचं पाणी दोन मिनिटांत काळं-तपकिरी करून दाखवतो. तो रंग त्या लोखंडी कांडीचा असतो. पाण्यात नैसर्गिक क्षार असले की वीज वाहते आणि कांडी विरघळते. आरओच्या पाण्यात क्षार नसतात म्हणून ते स्वच्छ राहतं. तुमच्या विहिरीत लोह आहे की नाही, हे त्यातून मुळीच कळत नाही.

जांभ्याच्या बहुतेक विहिरींचा टीडीएस मुळातच कमी असतो, त्यांना आरओची गरज नसते. खाडीकाठी खारं पाणी येत असेल तर गोष्ट वेगळी. लोह न काढता लावलेल्या आरओची मेम्ब्रेन गंजाने बुजते, सॉफ्टनरचं रेझिन निकामी होतं, यूव्हीच्या काचेच्या नळीवर लाल लेप चढून किरण पाण्यापर्यंत पोचत नाहीत. कोळशाचं काडतूसही तसंच, वास घालवायला चांगलं, पण विरघळलेल्या लोहावर भरवशाचं नाही. यातलं काहीही बसवायचं असेल तर वाळूच्या फिल्टरनंतर बसवा.

लोह ५ च्या वर असेल किंवा एवढा उपद्व्याप करायला घरात माणूस नसेल, तर मँगनीज डायऑक्साइडचं माध्यम भरलेला फायबरचा उभा फिल्टर घ्या. विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. या माध्यमाला किमान किती सामू लागतो? उलट धुण्यासाठी मिनिटाला किती लिटर पाणी लागतं, आणि माझा पंप तेवढं देतो का? माध्यम किती वर्षांनी बदलायचं? पहिल्याचं उत्तर साधारण ७ च्या आसपास येईल, म्हणजे सामू त्यालाही आधी दुरुस्त करावाच लागतो. दुसऱ्याचं उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका. उलट धुणं कमी पडलं की माध्यमाचा दगड होतो आणि अख्खं भांडं फोडून रिकामं करावं लागतं.